व्हिएतनामला जाताना दुबईचा पॅक

विमानात बी चालतो म्हणे! आता काय बोलायचं याला? मी त्या मिथुनला म्हणलो, बाबा, जमिनीवर तं मला कुणी सोडत न्हाई, निदान आभाळात पाच तास गप बसू दे, तं तो काउंटरवर वाकून, कानात सांगितल्यासारखं, "भाऊ, तुमच्यासारख्या लोकायसाठीच काढलाय तो पॅक, ढगात बी फोन लागतो." तुमच्यासारख्या लोकायसाठी! जशी काही मोठमोठ्या साहेबायची बैठक बसली होती, आणि हसनाबादचा साहेबराव ढगात गेल्यावर त्याला गाठायचा कसा, एवढाच एक विषय होता तिथं.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, न्हाई तं तुम्ही म्हणाल हा माणूस फिरायला गेल्ता का तुरुंगात. मी साहेबराव. भोकरदन तालुक्यात हसनाबादला माझं कृषी सेवा केंद्र आहे, म्हणजे बियाणं, खत, फवारणीची औषधं. गावात मोबाईलचं टॉवर उभं राह्यलं त्या वर्षी मी एक गाढवपणा केला, जिथं हातभर जागा सापडली तिथं आपला नंबर छापून टाकला. पाटीवर, बिलावर, कॅलेंडरवर, पिशवीवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर... एका माणसानं तं स्वतःच्या घराच्या भिंतीवर लिहू दिला आणि त्याची पोरगी पाहायला येणारे पाहुणे माझ्या दुकानात फोन करून पत्ता विचारायला लागले. वीस वर्षं झाली या गोष्टीला. वीस वर्षं तो नंबर वाजून राह्यला. आधी नुसता वाजायचा, आता त्याला डोळे बी फुटले. शेतकरी पानाचा फोटो पाठवतो, पान वरून, पान खालून, पान हातात, पान चपलेवर. माझ्या फोनमध्ये नातवाचे फोटो बारा आहेत आणि कपाशीच्या पानायचे किती, ते मलाच ठाऊक न्हाई.

तुम्हाला सांगतो, आमच्या पायलचं लग्न. भंते समोर बसलेले, त्रिसरण-पंचशील चालू, सगळा मांडव हात जोडून बसलेला, आणि नवरीचा बाप कुठं? मांडवाच्या मागं, पाण्याच्या टँकरला टेकून, एकाच्या मिरचीवरचा बोकड्या निस्तरून राह्यला. आमच्याकडं मिरची लई, आणि बोकड्या म्हणजे पान आखडणं, ते लग्नाचा मुहूर्त बघून येत न्हाई. परत आलो तं लोक फुलं टाकून राह्यले होते. गिरिजाबाईनं, म्हणजे आमच्या मंडळीनं, माझ्याकडं नुसतं पाह्यलं. बोलली न्हाई. बोलली असती तं बरं झालं असतं.

आता यंदा काय झालं, एका बियाणं कंपनीनं टूर लावली. आमच्या धंद्यात हे असंच चालतं, त्यायचं बियाणं खपवा, ते तुम्हाला विमानात बसवतात. माझा माल बराबर खपला, जोडीचं तिकीट लागलं. व्हिएतनाम. पाच दिवस. ऑगस्ट सरता सरता. कारण पेरण्या झाल्या, बियाणं विकून कंपनी मोकळी. पण शेतकरी? त्याची फवारणी तेव्हाच रंगात येती ना! मला वाटलं गिरिजाबाई म्हणल, पर्स घ्या, साडी घ्या, सुटकेस घ्या. तिनं भाकरी थापता थापता, मान वर न करता सांगितलं, "मला तिकडं काही नको. पाच दिवस तुम्ही फोन उचलू नका. पंचवीस वर्षांत माझं एक वाक्य तुम्ही पुरं ऐकलं न्हाई."

मी हाव म्हणलो. आणि खरं सांगतो, मनापासून म्हणलो. कारण ते ऐकून मला लाज वाटली, आणि लाजेच्या मागून, लपूनछपून, आनंद बी झाला. पाच दिवस! कुणी विचारणार न्हाई पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली!

तुम्ही म्हणाल, मंग बंद करायचा फोन, त्यात काय एवढं. अहो, करता येत न्हाई! आमच्या धंद्यात फोन बंद कुणाचा असतो? ज्यानं बोगस बियाणं विकलं त्याचा. उगवण झाली न्हाई, शेतकरी फोन लावतो, 'स्विच ऑफ', बस, झाला निकाल, माणूस पळाला. एकदा माझा फोन हौदात पडला होता, दुपारपर्यंत दुकानासमोर अकरा मोटारसायकली, आणि एकजण तं माझ्या मेव्हण्याकडं जाऊन आल्ता, मी तिथं लपलो का बघायला. सीझनमध्ये पाच दिवस नंबर बंद म्हणजे परत आल्यावर दुकानाची चावी घेऊन काय करायचं, हा प्रश्न.

आणि टूरची बातमी फुटली तसं प्रत्येकजण एकच वाक्य बोलायला लागला. कंपनीचे अपूर्व साहेब, नवीन जालन्यात ऑफिस, शर्टाला कधी सुरकुती न्हाई, ते आले आणि म्हणे, "साहेबराव, अभिनंदन! रोज ग्रुपवर तीन फोटो टाकायचे, कंपनीचा बॅनर धरून, हसत. आणि हो, नंबर तेवढा चालू ठेवा." आमचा सूरज, पाच दिवस दुकान त्याच्यावर, पोरगा शिकलेला, तो म्हणतो, "पप्पा, बिनधास्त जा, मी सगळं सांभाळतो. फक्त नंबर तेवढा चालू ठेवा." मंग काय सांभाळतो तू? भिवा आला, शेजारच्या मळ्यातला, दोन एकर मिरची, त्यानं तं मला पेढा भरवला आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणला, "भाऊ, खुशाल जा, मजा करा, आमची काळजी करू नका... नंबर तेवढा चालू ठेवा." आता तोंडात पेढा. न्हाई कसं म्हणणार?

मंग गेलो मिथुनकडं. त्याचं दुकान माझ्या दुकानाच्या समोरच, रिचार्ज, झेरॉक्स, फोनच्या काचा, आणि घरची चार एकर कपाशी. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, पण स्वभाव असा की तुम्ही पाणी मागितलं तं चहा करून आणंल आणि पिईपर्यंत उठू देणार न्हाई. त्यानं कॉम्प्युटरचं तोंड माझ्याकडं फिरवलं आणि मला घाम फुटला. एक दिवसाचा पॅक, तीन दिवसाचा, दहा दिवसाचा, महिन्याचा. एकात नुसतं इंटरनेट, बोलायचं न्हाई. एकात बोलायचं, पण इकडून आलेला फोन वेगळा आणि तिकडून लावलेला वेगळा. एकात रोज थोडं थोडं, संपलं की उद्यापर्यंत उपाशी. मंग म्हणतो, तिकडं उतरल्यावर तिथलंच सिम घेता का? मंग म्हणतो, आता असं बी सिम निघालंय जे दिसतच न्हाई, फोनच्या आत असतं. म्हणलो, जे दिसत न्हाई ते हरवलं तं शोधायचं कुठं? हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करून राह्यलो.

आणि तिथं बसल्या बसल्या मला माझ्या गिऱ्हाइकायची अशी कीव आली म्हणता! माझ्या दुकानात कपाशीच्या चाळीस व्हरायट्या लटकलेल्या असतात, शेतकरी मान वर करून बघत राहतो, मी बोलत राहतो, ही लवकर येणारी, ही भारी जमिनीला, हिचं बोंड मोठं, ही वेचायला सोपी... आणि तो बिचारा शेवटी म्हणतो, "तुमच्या मनानं द्या." मी बी म्हणणार होतो, तुझ्या मनानं दे. पण मिथुनच्या मनात काय आहे ते मला दिसून राह्यलं होतं. त्याच्या मनात होतं, नंबर तेवढा चालू ठेवा.

तेवढ्यात त्या यादीत सगळ्यात खाली मला एक पॅक दिसला. फक्त आखाती देशांसाठी. दुबई वगैरे. खाली बारीक अक्षरात, इतर देशांत चालणार नाही. आणि तुम्हाला सांगतो, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

फोन बंद ठेवला तं पळाला म्हणतील. पण पॅकच चुकीचा निघाला तं? साहेबराव फसला म्हणतील, बिचारा म्हणतील, अडाणी म्हणतील, म्हणू द्या! अडाणी माणसाला पाच दिवस झोप तं लागती. नंबर मी बंद केलाच न्हाई, पैसे भरले, पावती आहे, तिकडं लागलाच न्हाई तं मी काय करू? अहो, एवढं डोकं मी आयुष्यात कधी लावलं न्हाई. मिथुनला म्हणलो, घरी विचारून सांगतो. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कामाचं निमित्त काढून नवीन जालन्यात गेलो, स्टेशनकडं, जिथं मला कुणी ओळखत न्हाई अशा दुकानात. दुकानदारानं विचारलं, कुठं चाललात काका? म्हणलो, दुबईला. बिलकुल पापणी हलली न्हाई माझी. तो म्हणला, काय विशेष? म्हणलो, साडू आहे तिकडं. साडू माझा एकच, तो तीर्थपुरीला भुसार विकतो. पण खोटं एकदा बोलायला बसलं की माणूस साडूला बी सोडत न्हाई.

गावात सांगून टाकलं, घेतला पॅक, जालन्यातून, एक नंबर. गिरिजाबाईला बी खरं सांगितलं न्हाई, म्हणलं तिकडं गेल्यावर फोन मुका निघंल आणि तिला आपोआप कळंल. पाच दिवस! मी शीळ घालायला लागलो. सूरज म्हणला, पप्पा, तब्येत बरी आहे ना?

आणि निघायच्या आदल्या दिवशी, चहाच्या वेळेला, मिथुन घरी. मुद्दाम दुकान बंद करून आल्ता. "आणा भाऊ फोन, रोमिंगचं बटन चालू केलं का बघतो, तुम्हाला जमणार न्हाई." मी म्हणलो, जमलं, जमलं, झालंय सगळं. "आणा हो." म्हणलो चार्जिंगला आहे. तो उठला, चार्जिंगवरून काढून आणला. मी बघत राह्यलो. त्यानं बोटानं वर केलं, खाली केलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "भाऊ... हा तं दुबईचा आहे."

माझ्या हातात कप. मी म्हणलो, "अरे? दुबईचा?" आवाज असा निघाला की मलाच शंका आली. पण मिथुनला न्हाई आली. मिथुन भला माणूस हो, तिथंच तं मेलो मी! त्याच्या डोळ्यात पाणी यायचं बाकी. "फसवलं तुम्हाला त्या जालनावाल्यानं. खेड्यातला माणूस बघून दुबईचा पॅक टिकवला. पावती आणा, लावतो त्याला फोन, सोडत न्हाई आता." आणि लावला बी! स्पीकरवर! मी बसलो घामानं भिजून, कारण तो दुकानदार एकच वाक्य बोलला असता, काकांनीच सांगितलं साडू आहे दुबईला. रिंग वाजून राह्यली... वाजून राह्यली... गिरिजाबाई माझ्याकडं बघून राह्यली. नशीब, कुणी उचलला न्हाई. वीस वर्षांत पहिल्यांदा मी मनातून आशीर्वाद दिला, की बाबा, तू फोन उचलत न्हाईस, तू शंभर वर्षं जग.

मी म्हणलो, जाऊ दे मिथुन, झालं ते झालं, आता काय वेळ न्हाई. तं तो उभा राह्यला, छातीवर हात ठेवून म्हणतो, "भाऊ, मागच्या साली माझी कपाशी कुणी वाचवली? मी असताना तुम्हाला तिकडं मुकं राहू देईन?" आणि तिथल्या तिथं, स्वतःच्या फोनवरून, सगळ्यात मोठा पॅक टाकला. सगळे देश. इंटरनेट, बोलणं, येणारं, जाणारं, आणि वर तो विमानातला. पैसे घेईना. पाया पडायला लागलो तरी घेईना. आणि जाता जाता गावातल्या सगळ्या ग्रुपवर टाकून दिलं, साहेबराव भाऊंचा नंबर परदेशात बी चालू राहणार, बिनधास्त फोन करा. खाली अंगठे, फुलं, हात जोडलेले, जणू मला मंत्रीपद मिळालं.

मंग काय विचारता! विमान वर गेलं, पट्ट्याचा दिवा विझला आणि फोन वाजला. भिवा. "भाऊ, खाली आमचं शेत दिसतं का?" अरे, समुद्र दिसून राह्यला मला! तिकडं उतरलो तं ज्यायनी स्वस्तातले पॅक घेतल्ते त्या डीलरायचे फोन मुके, आणि ते कसे फिरून राह्यले, बायकोसोबत, नारळपाणी पिऊन! माझा एकट्याचा चालू. तं ते बी येऊन म्हणतात, साहेबराव, जरा हॉटस्पॉट द्या. दहा पावलांच्या पुढं गेलो की पाठीमागून आरडाओरडा, इकडं या, तुटलं, तुटलं. अपूर्व साहेब म्हणतात, "साहेबराव, बॅनर जरा सरळ. हसा." मी एका हातात बॅनर, दुसऱ्या कानाला कुणाची तरी मिरची, आणि हसून राह्यलो. तो फोटो कंपनीनं मोठा करून लावलाय.

गिरिजाबाई काही बोलली न्हाई. एक दिवस न्हाई, दोन दिवस न्हाई. जेवायची, खिडकीतून बघायची, झोपायची. तिसऱ्या दिवशी कंपनीनं सगळ्यायला बोटीत बसवलं. हिरवंगार पाणी, त्यातून डोंगर वर आलेले, असं दृश्य आपण परत जन्मात बघणार न्हाई. आणि मला राहवलं न्हाई. मी तिला सगळं सांगितलं. दुबई, साडू, स्टेशनचं दुकान, सगळं. म्हणलो, तुझ्यासाठी केलं, पण लोकायनी हाणून पाडलं. ती ऐकत राह्यली. मंग म्हणाली, "माझ्यासाठी तुम्ही साडूला दुबईला पाठवलं?" आणि हसली हो. पंचवीस वर्षांत मी तिला एवढं हसवलं नसंल. तोंडाला पदर लावून हसली. म्हणाली, "मंग आता बंद करा. होईल ते होईल."

मी केला. खरोखर केला, बटन दाबून धरलं, अंधार. म्हणलो, मोटारसायकली येतील तं येऊ द्या. आणि बसलो समोरासमोर, मधी चहा. म्हणलो, बोल आता. वाक्य पुरं कर.

ती म्हणाली, "काय बोलू?" मी म्हणलो, काही बी. ती पाण्याकडं बघायला लागली. मी डोंगराकडं. ती म्हणाली, चहा फिका आहे. मी म्हणलो, हाव. परत गप. तुम्हाला सांगतो, मी घड्याळ बघितलं, सात मिनिटं झाली होती. लई वाईट वाटलं. वाटलं, बोलायचं होतं ते सगळं वीस वर्षांत त्या फोनच्या मागं साचून साचून वाळून गेलं का काय. अकराव्या मिनिटाला तिनं माझ्याकडं पाह्यलं, आणि मला वाटलं, आता निघतंय काहीतरी आतलं.

ती म्हणाली, "त्या भिवाच्या मिरचीचं पान वर वळलं होतं का खाली?"

मी म्हणलो, काय?

"सकाळी त्यानं व्हिडिओवर दाखवलं ना तुम्हाला. वर वळलं असंल तं फुलकिडे. खाली वळलं असंल तं कोळी. तुम्ही पान उलटायला न लावताच औषध सांगून टाकलं त्याला, घाईत. खाली वळलं होतं, मी पाह्यलं." आणि मी बसलो तोंड उघडं टाकून, कारण बाई बराबर बोलून राह्यली होती, आणि मी खरंच चुकीचं औषध सांगितलं होतं. वीस वर्षं फोनवर मी बोललो, आणि शेजारी बसून ऐकलं तिनं. शेती शाळेत शिकवणारा माणूस एवढं ध्यान देऊन ऐकणार न्हाई. ती म्हणाली, "चालू करा फोन. दोन एकर मिरची आहे त्याची, पोरीची फी आहे त्याच्यावर." मी चालू केला. तिनं माझ्या हातातून घेतला, भिवाला म्हणाली, "भाऊ, थांबा, ते मारू नका," आणि बोटीच्या कडेला उभी राहून, वाऱ्यात पदर धरून, वीस मिनिटं त्याला पान उलटायला लावलं. अपूर्व साहेबांनी त्याचा बी फोटो काढला. बॅनरशिवाय.

भिवाची मिरची वाचली. आणि भिवाचं तोंड तुम्हाला माहीत न्हाई, आठ दिवसांत सगळ्या शिवाराला कळलं. आता नंबर तोच आहे, पिशवीवर, पाटीवर, ट्रॉलीवर, वाजतो बी तसाच. फक्त मी हॅलो म्हणलो की पलीकडचा म्हणतो, "भाऊ, वहिनीला द्या बरं जरा."

परवा दुपारी मी ताटावर बसलो होतो. दोन ताटं वाढलेली. गिरिजाबाई अंगणात, कानाला फोन, कुणाची तरी मोसंबी गळून राह्यली होती. म्हणलो, अगं, जेवण गार होऊन राह्यलं. तिनं माझ्याकडं न बघता हात वर केला, थांबा म्हणून. थांबलो. वरणावर साय धरली, भाकरी कडक झाली, आणि एवढ्या वर्षांत ती या पाटावर बसून काय करायची, ते मी पहिल्यांदा करून राह्यलो होतो. काही न्हाई हो, नुसतं भिंतीकडं बघायचं असतं.